पुण्याएवढाही नसलेला देश पिफमध्ये कसा दिसतो?

पिफचा, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा, कॅटलॉग हातात पडला की रांगेत कुणीतरी विचारतंच: "सगळ्यात जास्त सिनेमे आपण काढतो, मग पानोपानी फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम कसे? लक्झेंबर्गची तर वस्ती सात लाखसुद्धा नाही!" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

दिवे गेल्यावर आपण खुर्ची शोधत असतो, तेव्हा पडद्यावर पाच-सहा लोगो येऊन जातात. ते बघत जा. एकाने पटकथेला पैसे दिलेले असतात, दुसऱ्याने शूटिंगला, तिसऱ्याने साउंड मिक्सिंगला. सहनिर्मात्यांचे देश कॅटलॉगमध्ये छापले जातात. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेत शिकलेल्या पायल कपाडियांचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' मुंबईतला, पण निर्मितीत फ्रान्स, भारत, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, इटली. २०२४ मध्ये त्याला फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्राँ प्री, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक मिळालं. त्याआधी तिथल्या मुख्य स्पर्धेतला भारतीय सिनेमा १९९४ चा 'स्वाहम'.

फ्रान्समध्ये प्रत्येक तिकिटातले १०.७२ टक्के सीएनसी या सरकारी संस्थेकडे जातात. तिथून परदेशी सिनेमालाही मदत मिळते, पण फ्रेंच सहनिर्माता हवा आणि पैशाचा मोठा वाटा फ्रान्समध्येच खर्चायचा. डेन्मार्कसारख्या साठ लाखांच्या देशात घरच्या तिकिटांवर खर्च निघत नाही, म्हणून सरकार हात देतं आणि सिनेमा देशाबाहेर पडतो. हिंदीला घरचंच मार्केट पुरतं. मराठीची खरी कोंडी आहे: थिएटर हिंदीबरोबर वाटून घ्यायचं आणि शासनाचं अनुदान मिळतं ते सिनेमा पूर्ण होऊन परीक्षण झाल्यावर. तोवर निर्माता शूटिंगमध्येच रिकामा होतो. मग मिक्सिंग घाईत, सबटायटल्स ओळखीच्या माणसाकडून, आणि निवड समितीला लिंक जाते ती कच्च्या कटची. सिनेमा तिथे मार खातो, हे बघवत नाही.

आणखी एक. 'कानला दाखवला' म्हणजे निवडला गेला असं नाही. तिथल्या फिल्म मार्केटमध्ये भाडं भरून स्क्रीनिंग करता येतं.

चैतन्य ताम्हाणेंच्या मराठी 'कोर्ट'ला रॉटरडॅम महोत्सवाच्या हुबर्ट बाल्स फंडाची मदत होती. २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवाच्या ओरिझोंती विभागात तो सर्वोत्तम ठरला. पटकथा हातात असेल तर शूटिंगची तारीख ठरवण्याआधी नोव्हेंबरात गोव्याच्या फिल्म बाजारला (आता त्याचं नाव वेव्हज फिल्म बाजार) जा. सहनिर्माते तिथे भेटतात, आणि त्यांना सिनेमात शिरायला जागा असते ती तेव्हाच.