कात टाकणे आणि कुजणे

पुण्यातल्या आमच्या बैठकीच्या खोलीत १७० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि तिच्या मधोमध अळंबीच्या आकाराचे एक लेदर कोरल गेली तीन वर्षे राहते आहे. चुनखडीचा सांगाडा बांधणारी कठीण प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीत. ती कुणी दुकानात मागच्या दाराने पुढे केली तरी घ्यायची नसतात. लेदर कोरल मऊ प्रवाळांपैकी, आणि ते सहसा दणकट समजले जाते. त्या दणकटपणावर मी अंमळ जास्तच विसंबलो.

पहिल्या वर्षी ते एकदा अचानक मिटले होते. एरवी टोपीवर गवतासारखे डुलणारे सगळे पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे इवलेसे जीव, आत गेले, कातडी मेणचट आणि चकचकीत दिसू लागली आणि तिच्यावर शेवाळाची तपकिरी छटा चढली. मी घाबरून आठवड्यात तीन वेळा त्याची जागा बदलली, दिवे कमी केले, पाणी बदलले. अकराव्या दिवशी तो मेणासारखा पापुद्रा पाण्याच्या झोताने सुटून गेला आणि खालून स्वच्छ पिवळसर टोपी निघाली. लेदर कोरल अंगावर साचलेला मळ असा अधूनमधून कात टाकून काढते, हे मला तेव्हा कळले.

यंदा मे महिन्यात आम्ही लग्नासाठी सहा दिवस सांगलीला गेलो. उन्हाळ्यात पाणी थंड राहावे म्हणून टाकीवर पंखा लावलेला असतो, त्यामुळे रोज तीन-साडेतीन लिटर पाणी उडून जाते. पाणी उडते, पण मीठ मागेच राहते, म्हणून भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची. भाच्याला हे नीट समजावले होते. मात्र ओट्याखाली दोन सारखेच कॅन होते, एक गोड्या पाण्याचा आणि दुसरा पाणी बदलण्यासाठी कालवून ठेवलेल्या खाऱ्या पाण्याचा, आणि त्याने सहाही दिवस इमानेइतबारे दुसराच ओतला. परतल्यावर क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरमध्ये १.०२५ च्या जागी १.०२८ दिसले. चूक त्याची म्हणावी, तर कॅनवर नाव न घालणारा मी होतो. आणि त्याहून मोठी चूक मी त्याच रात्री केली. चार-पाच दिवसांत हळूहळू उतरवायची क्षारता मी घाईघाईने तासाभरात खाली आणली.

दुसऱ्या दिवशी कोरल मिटले. या वेळी मात्र मी जाणकार झालो होतो! कात टाकते आहे, हात लावायचा नाही, असे घरात सर्वांना बजावून मी आठ दिवस निवांत राहिलो. कात टाकणाऱ्या कोरलचे अंग मिटलेले असले तरी घट्ट असते, हे मी पाहायलाच हवे होते. नवव्या दिवशी टोपी एका बाजूला कलली. वाकून पाहिले, तर देठाच्या बुडाशी रुपयाएवढा काळपट तपकिरी डाग होता आणि बोट लावताच तिथले मांस शेंबडासारखे निघून आले. बोटाला सडक्या अंड्याचा वास येत होता.

कापण्याखेरीज उपाय नव्हता. ही कोरले दुखावली की पाण्यात विषारी द्रव्ये सोडतात, म्हणून शस्त्रक्रिया टाकीबाहेर, टाकीचेच पाणी घेतलेल्या बादलीत, हातमोजे घालून केली. नव्या ब्लेडने डागाच्या बोटभर वर आडवा छेद दिला. रबरासारखे मऊ लागेल असे वाटले होते, पण ब्लेड वाळूतून जावे तसे खरखरत गेले, कारण या मांसात चुन्याच्या बारीक सुया विखुरलेल्या असतात. पहिल्या छेदात मध्यभागी तपकिरी रेघ राहिली, म्हणून आणखी एक चकती उतरवली. तेव्हा कुठे सगळीकडे पांढरे, निरोगी मांस लागले. सडलेला देठ टाकून दिला. उरलेली टोपी आयोडीनच्या सौम्य द्रावणात दहा मिनिटे बुडवून दगडावर ठेवली आणि वरून मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने सैलसर बांधला, कारण त्या बुळबुळीत अंगावर गोंद टिकत नाही आणि दोरा आवळला तर मांस कापले जाते. फिल्टरमध्ये सक्रिय कोळशाची पिशवी टाकली, पॉवरहेडचा (टाकीत पाणी खेळवणाऱ्या पंपाचा) झोत घाण साचू नये इतपत तिच्याकडे वळवला आणि २० लिटर पाणी बदलले.

एकोणिसाव्या दिवशी जाळी सोडली तेव्हा टोपी दगडाला धरून होती. पॉलिप अजून फक्त खिडकीकडच्या कडेला, बोटभर पट्ट्यातच बाहेर येतात, आणि देठ नसल्यामुळे ते सध्या दगडावर वाळत घातलेल्या पापडासारखे दिसते. ओट्याखालच्या एका कॅनवर भाच्याने लाल ऑइलपेंटने ‘मीठ’ असे ठळक अक्षरांत लिहून ठेवले आहे.