वेल्डजवळ गळणारा पाइप आणि पोटेन्शिओस्टॅटवरची चाचणी: माझा अनुभव

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचे काम करणारे, मूळचे आमच्या निपाणीचेच असलेले एक गृहस्थ मागच्या पावसाळ्यात ३०४ या प्रकारच्या स्टेनलेस स्टीलच्या पाइपचा वेल्ड केलेला तुकडा घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आले. गळती वेल्डवर नव्हती, वेल्डपासून चार-पाच मिलिमीटरवर होती. दोष वेल्डरचा की मालाचा, एवढेच त्यांना हवे होते. संशय कशाचा घ्यायचा हे मला माहीत होते. ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात हे स्टील रेंगाळले की क्रोमियम कार्बाइड कणसीमांवर, म्हणजे धातूतल्या सूक्ष्म कणांच्या सांध्यांवर, जमते, त्यालगतच्या पट्ट्यातले क्रोमियम सुमारे १२ टक्क्यांच्या खाली उतरते आणि तेथे संरक्षक थर टिकत नाही. संशय आकड्यात मांडण्यासाठी मी दुहेरी फेऱ्याची पुनःसक्रियण चाचणी निवडली.

द्रावण सोपे होते: अर्धा मोलर सल्फ्युरिक आम्ल, म्हणजे लिटरमागे सुमारे २७ मिलिलिटर तीव्र आम्ल सावकाश पाण्यात, आणि त्यात ०.०१ मोलर पोटॅशियम थायोसायनेट, म्हणजे जेमतेम एक ग्रॅम. तापमान ३० अंश. नायट्रोजन सोडून विरलेला ऑक्सिजन हाकलला आणि नमुना आपल्या गंजविभवावर (द्रावणात तो आपोआप जे विभव घेतो त्यावर), कॅलोमेल या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ४०० मिलिव्होल्टच्या आसपास, स्थिरावू दिला. तेथून पोटेन्शिओस्टॅटने, म्हणजे विभव ठरवून प्रवाह मोजणाऱ्या यंत्राने, मिनिटाला १०० मिलिव्होल्ट या गतीने अधिक ३०० पर्यंत जायचे आणि त्याच गतीने परतायचे. जाताना सगळा पृष्ठभाग विरघळू लागतो व मग थराने झाकला जातो. परतताना फक्त क्रोमियम उणे असलेल्या कणसीमा पुन्हा जाग्या होतात. प्रवाहाच्या परतीच्या शिखराला जातानाच्या शिखराने भागले की झाले; गुणोत्तर जितके मोठे, तितका बिघाड जास्त. जाऊन येऊन एक फेरा १४ मिनिटांचा. माझा मात्र पंधरवडा गेला.

पहिल्याच दिवशी यंत्राचा ओव्हरलोडचा दिवा लागला. मी संगणकाकडे पाहत बसलो. प्रयोगशाळेतले जुने मदतनीस कन्नडमधून शांतपणे म्हणाले, ‘सर, मोदलु वायर नोडि.’ (आधी वायर बघा.) वायर ठीक होती, पण ती पाहताना लुगिन नळीच्या (संदर्भ इलेक्ट्रोडला नमुन्याजवळ जोडणाऱ्या बारीक नळीच्या) टोकाशी अडकलेला हवेचा बुडबुडा दिसला. तो काढताच दिवा विझला.

खरी अडचण पुढे आली. तुलनेसाठी १०५० अंशांवर तापवून पाण्यात विझवलेला, म्हणजे कार्बाइड विरघळून गेलेला, त्याच पाइपचा तुकडा घेतला होता. त्याचा आलेख परतताना जवळजवळ सपाट असायला हवा होता, पण चांगले जाडजूड शिखर आले. द्रावण बदलले, पुन्हा तेच. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर मधला पृष्ठभाग स्वच्छ होता आणि नमुना ज्यात बसवला होता त्या रेझिनला लागून काळी रेघ होती. रेझिन आणि धातू यांच्या फटीत आम्ल शिरून तिथला गंज माझ्या आकड्यात मिसळत होता. कडेला लॅकरचे दोन थर दिले. बेळगावच्या पावसात ते एका रात्रीत वाळतील असे समजणे हा माझा भाबडेपणा होता, दोन रात्री लागल्या. त्यानंतर शिखर नाहीसे झाले.

तरीही वेल्डजवळचा नमुना जवळपास निर्दोष निघाला, तेव्हा चूक सर्वस्वी माझी होती. ‘वेल्डजवळ’ म्हणून मी वेल्डला अगदी चिकटून जागा उघडी ठेवली होती. तिथला धातू इतका तापतो आणि त्या घातक टप्प्यातून इतक्या लवकर निवतो, की कार्बाइडला जमायला सवड मिळत नाही. बिघडतो तो थोडा दूरचा पट्टा. मग आधी १० टक्के ऑक्झॅलिक आम्लात, चौरस सेंटिमीटरला एक अँपिअर या दराने, ९० सेकंद एचिंग (विजेच्या साहाय्याने पृष्ठभाग कोरणे) केले, कणांभोवती खंदक पडलेला पट्टा शोधला, आणि नव्या नमुन्यात तेवढीच जागा उघडी ठेवली. तीन फेऱ्यांत गुणोत्तर वीस टक्क्यांच्या आसपास आले. विझवलेल्या तुकड्याचे एक टक्काही नव्हते.

आलेख पाहून ते गृहस्थ म्हणाले, ‘म्हणजे माल आणि वेल्डर दोघेही थोडे थोडे.’ मी कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत असलेले, म्हणून कार्बाइड कमी बनवणारे ३०४ एल सुचवले. त्यांनी दर विचारायला तिथूनच फोन लावला.