वीज गेली तर शटर मिटलेलंच हवं

आमच्या प्रयोगशाळेतल्या रामन स्पेक्ट्रोमीटरच्या (नमुन्यावर लेझर टाकून विखुरलेला प्रकाश मोजणाऱ्या यंत्राच्या) सीसीडी कॅमेऱ्याला, म्हणजे तो प्रकाश टिपणाऱ्या डिटेक्टरला, बाहेरून शटर जोडायचं काम माझ्याकडे आलं. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी चारच रकाने आहेत: सिग्नलचा प्रकार, मोड, उघडायचा वेळ आणि मिटायचा वेळ. भरायला पाच मिनिटं पुरतात. पण पुण्यात गुरुवार हा वीज जाण्याचा वार. त्यामुळे मी आधी एवढंच ठरवायला बसले, की मधेच वीज गेली, केबल निसटली किंवा कॉम्प्युटर अडकला, तर शटर कुठल्या अवस्थेत राहायला हवं? उत्तर उघड होतं, मिटलेलं.

प्रकारात ० टाकलं की कॅमेऱ्याकडून येणारा टीटीएल सिग्नल (शून्य किंवा पाच व्होल्टचा इशारा) शून्यावर आल्यावर शटर उघडतं, १ टाकलं की पाच व्होल्टवर. रोजच्या कामात दोन्ही सारखेच चालतात. पण ० असताना कॅमेरा बंद पडला तरी तार शून्यावरच असते, आणि यूपीएसवर जिवंत राहिलेला ड्रायव्हर (सिग्नल घेऊन शटर हलवणारं मधलं सर्किट) त्याचा अर्थ ‘उघड’ असाच घेतो. म्हणून १ निवडलं, आणि शटरही स्प्रिंगनं आपोआप मिटणारं घेतलं. केबल निघाल्यावर ड्रायव्हरचं इनपुट अधांतरी राहू नये म्हणून तिथून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर लावला. आमचं इनपुट सीमॉस (जवळपास करंट न ओढणाऱ्या प्रकारचं) असल्यानं तेवढं पुरलं. जुन्या टीटीएल इनपुटला याहून बराच कमी रेझिस्टर लागतो.

शटर लगेच जोडलं नाही. नुसत्या सिग्नलवर ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लावून कॅमेरा चालू-बंद केला, सॉफ्टवेअर मधेच मारलं, एक्सपोजर चालू असताना यूएसबी उपटली. बाकी सगळं ठीक निघालं, पण यूएसबी काढल्यावर सिग्नल पाच व्होल्टवरच अडकून राहिला. म्हणजे केवळ या शटरच्या भरवशावर लेझरच्या वाटेत हात घालणं धोक्याचं. लेझरचा इंटरलॉक (तो आपोआप बंद करणारी सुरक्षाव्यवस्था) वेगळा आहे, तो तसाच वेगळा ठेवला. माझ्या मते कॅमेऱ्याचं शटर माणसाच्या डोळ्यांसाठी नसतंच, ते डिटेक्टरसाठी असतं.

टीटीएलच्या तारेवर शटरची कॉइल थेट जोडायची नसते; तिथून जेमतेम काही मिलिअँपिअर मिळतात. मधला ड्रायव्हर शटर उघडायला क्षणभर ६०-७० व्होल्टचा झटका देतो आणि मग पाचेक व्होल्टवर धरून ठेवतो, नाहीतर कॉइल तापेल. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. वर्कशॉपमधल्या काकांचा नियम सोपा: “अगं, आधी प्लग काढ, चहा पिऊन ये, मगच कनेक्टरला हात लाव.”

वेळा कॅटलॉगमधून उचलल्या नाहीत. शटरच्या एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला फोटोडायोड, आणि दोन्ही सिग्नल स्कोपवर. मिटायला १८ मिलिसेकंद लागत होते. रकान्यात २५ भरले. तिथे ० ठेवून पाहिलं तर शटर मिटायच्या आतच रीडआउट (कॅमेऱ्यातून चित्र वाचून घेणं) सुरू व्हायचं आणि चित्रात उभे ओघळ दिसायचे.

शेवटी स्थिर उजेडात वेगवेगळ्या एक्सपोजरचे काउंट (कॅमेऱ्यानं मोजलेल्या प्रकाशाचे आकडे) आलेखावर मांडले. रेषा सरळ आली, पण शून्यातून गेली नाही. शटरच्या उघडायच्या आणि मिटायच्या वेळेतला फरक तिथे दिसतो. मोठ्या एक्सपोजरमध्ये तो विरून जातो. ०.१ सेकंदाच्या खालची मापं आम्ही तीव्रतेसाठी वापरत नाही.