बंड्याची साखर: सात वर्षांच्या फेरेटच्या आहाराची नोंद

बंड्या म्हणजे आमचा फेरेट, मुंगसासारखा दिसणारा लांबट पाळीव प्राणी. त्याचं वजन या आठवड्यात १,१०५ ग्रॅम भरलं. ऑगस्टमध्ये ते १,०४० पर्यंत उतरलं होतं, त्यामुळे काट्यावरचा आकडा बघून घरात सगळ्यांनाच हायसं वाटलं. थंडी जवळ आली की फेरेट तसेही अंगाने भरतात, त्यात बंड्याला चालू असलेल्या स्टेरॉइडने भूक वाढते. म्हणून मी तुलना गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी करते. त्या हिशेबाने तो अजून थोडा कमीच आहे.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. न्यू जर्सीतल्या दुकानातून आणलेला नर. कानात गोंदलेले दोन ठिपके, म्हणजे पिल्लू असतानाच नसबंदी झालेली आणि वासाच्या ग्रंथी काढलेल्या. फेरेटचं आयुष्य साधारण सहा ते आठ वर्षांचं, तेव्हा आमचा आता आजोबाच. गेल्या वर्षी शेपटीचे केस गेले, ॲड्रिनलचा (मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीचा) आजार निघाला, ४.७ मिलिग्रॅमचं डेस्लोरेलिन या संप्रेरकावरच्या औषधाचं इम्प्लांट त्वचेखाली बसवलं आणि केस परत आले. तो आजार तूर्त शांत आहे. तरी लघवीला कुंथतोय का, यावर माझं लक्ष असतं. या आजारात नराचं प्रोस्टेट सुजून लघवी तुंबू शकते, आणि तसं झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा लागतो.

आता मुख्य विषय, इन्सुलिनोमा, म्हणजे स्वादुपिंडातल्या गाठींमुळे साखर खाली जाण्याचा आजार. झोपेतून उठला की बंड्या दोन पावलं चालायचा आणि थांबायचा. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. मग पुढच्या पंजाने तोंडाचा कोपरा खरवडत राहायचा, हनुवटी लाळेने ओली व्हायची, आणि मागचे पाय गुळगुळीत फरशीवर फाकत जायचे. पोटात काही गेलं की थोड्या वेळात पुन्हा चालता-फिरता. डॉक्टरांनी साखर तपासली ती ४८ निघाली. निरोगी फेरेटची ९० ते १२०च्या आसपास असते. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींच्या गाठी नको तेव्हा इन्सुलिन सोडत राहतात, म्हणून ती अशी खाली येते. आपल्या घरांमध्ये वाढलेल्या साखरेची पथ्यं सगळ्यांना तोंडपाठ असतात. इथे दुखणं नेमकं उलटं, तरी गोड वर्ज्यच. गोड खाल्लं की त्या गाठी आणखी इन्सुलिन ओततात आणि साखर आधीपेक्षा खाली जाते. केळं, मनुका, दुकानातला गोडसर चिकट खाऊ, सगळं बंद.

कळकळीने सांगते: फेरेटचे मागचे पाय लटपटायला लागले की ‘म्हातारा झाला’ म्हणून सोडून देऊ नका. साखर बघा, हृदयही बघून घ्या. घरी माणसांचं ग्लुकोमीटर वापरत असाल तर फेरेटची साखर त्यावर खरी असते त्याहून कमी दिसते. प्राण्यांसाठीचं मशीन मिळतं, ते घ्या.

खाण्याचं गणित आता बऱ्यापैकी बसलंय. फेरेट पक्का मांसाहारी, आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. म्हणजे पोट फार वेळ रिकामं राहून चालत नाही. कोरडं खाणं चोवीस तास समोर असतं, शिवाय दर चार तासांनी कोमट सूप, रात्रीसुद्धा. आमच्या शाकाहारी स्वयंपाकघरात त्याचं पातेलं आणि मिक्सरचं भांडं वेगळं आहे. चिकनची मांडी, थोडं काळीज आणि हृदय शिजवायचं, त्यात भिजवलेलं कोरडं खाणं घालून बारीक फिरवायचं, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं. लागेल तसा एकेक तुकडा काढून कोमट करायचा. गार दिलं तर नाक फिरवतो. कोरडं खाणं वगळू नका, कारण नुसत्या शिजवलेल्या चिकनमध्ये कॅल्शियम पुरेसं नसतं. भिजवल्यामुळे दातांनाही बरं, त्याचे मागचे दोन झिजलेत.

कोरडं खाणं निवडताना प्रथिनं ३५ टक्क्यांच्या वर, स्निग्धांश २०च्या आसपास, तंतू ३च्या आत, हे बघतेच. पण त्याआधी घटकांची यादी वाचते. ‘ग्रेन-फ्री’ लिहिलेल्या पाकिटांमध्ये धान्याऐवजी वाटाणा आणि मसूर ठासून भरलेले असतात. अमेरिकेतल्या फेरेटमध्ये सिस्टिन या अमिनो आम्लाचे मूतखडे वाढलेत, त्यामागे या कडधान्यांचा हात असल्याचा संशय आहे. म्हणून आम्ही खाणं बदललं, आणि ते सोपं गेलं नाही. फेरेट पिल्लूपणी ज्या वासाला सरावतो त्यालाच अन्न समजतो. नवं खाणं वाडग्यात तसंच पडून राहायचं. सूप बोटावर घेऊन ओठाला लावायचं, तो चाटायचा, मग बोट हळूहळू वाडग्याकडे न्यायचं. त्याच सुपात नवे दाणे चुरून घातले, तेव्हा कुठे जमलं.

औषध म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, दिवसातून दोनदा. गाठी त्याने जात नाहीत, साखर मात्र टिकते. शस्त्रक्रियेचा पर्याय डॉक्टरांनी समोर ठेवला होता. तरुण फेरेट असता तर मी आधी तोच धरला असता. पण टू-डी इकोमध्ये हृदयाचे स्नायू पातळ झालेले दिसले, त्यामुळे भूल देणं नको असं ठरलं. पिंजऱ्याचा वरचा मजला काढून टाकलाय, झोळी खाली बांधलीय आणि फरशीवर योगा मॅट पसरल्यात. मॅटवर त्याचे पाय घसरत नाहीत, हा फरक पहिल्याच दिवशी दिसला.

मधाची छोटी बाटली पिंजऱ्याजवळच असते. कोलमडला तर हिरड्यांना किंचित मध चोळायचा, तोंडात ओतायचा नाही. शुद्धीवर आला की लगेच सूप, आणि डॉक्टरांना फोन. नुसत्या मधावर थांबलं तर साखर पुन्हा कोसळते. बहीण क्वीन्सला राहते, पण न्यूयॉर्क शहरात फेरेट पाळायला बंदी असल्याने त्याला तिकडे नेता येत नाही. म्हणून दिवाळीत तीच इकडे येणार आहे, आणि तिला हे सगळं करून दाखवणार आहे.

मागच्या तपासणीत साखर ७१ होती. यापुढे घसरली तर प्रेडनिसोलोनच्या जोडीला डायझॉक्साइड हे इन्सुलिन रोखणारं औषध सुरू करायचं ठरलंय. तुमच्यापैकी कुणाचा फेरेट त्यावर असेल, तर त्याची भूक मेली का आणि औषध कशातून देता, तेवढं जरूर कळवा.