मार्गोची उडी

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज दुपारी लेकीबरोबर ‘डेस्पिकेबल मी’ पाहिला. सिनेमा 2010 चा. मी तो पूर्वी पाहिला होता, घरात मूल नव्हतं तेव्हा. त्या वेळी पिवळ्या मिनियन्सच्या धांदलीला पोट दुखेपर्यंत हसले होते. आज बाजूला नऊ वर्षांची लेक बसली होती. ती आमच्या घरी आली त्याला येत्या महिन्यात वर्ष होईल.

संवाद इंग्रजी, त्यामुळे मी मधेमधे मराठीत सांगत होते. ग्रू हा नामांकित खलनायक. चंद्र लहान करून चोरायचा हे त्याचं स्वप्न. त्यासाठी लागणारं यंत्र व्हेक्टर या प्रतिस्पर्धी खलनायकाकडे, आणि व्हेक्टरच्या किल्ल्यात शिरता येतं ते फक्त बिस्किटं विकणाऱ्या तीन अनाथ मुलींना. म्हणून ग्रू स्वतःबद्दल खोटीनाटी माहिती देऊन मार्गो, ईडिथ आणि ॲग्नेसला दत्तक घेतो. किती झटपट! आमच्याकडे गृहभेट झाली, कागदपत्रं झाली, मग लांबलचक वाट पाहणं. अजूनही दर सहा महिन्यांनी समाजसेविका ताई पाठपुराव्याला येतात.

अनाथालयातल्या मिस हॅटीचं ते पुठ्ठ्याचं खोकं आलं, बिस्किटं कमी विकणाऱ्या मुलींना शिक्षा म्हणून बसवायचं, तेव्हा मी पटकन लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, “आमच्या मावशी असं नाही करायच्या.” संस्थेतल्या मावशी. घाईत असली की अजूनही ती मलाही मावशीच म्हणते. मग स्वतःच थबकते. मी हाक ऐकते आणि ओ देते, बस.

ग्रूचं लहानपण पाहून मला फार वाईट वाटलं. चंद्रावर उतरल्याचं चित्र काढून आईला दाखवतो, मॅकरोनीचं रॉकेट करून दाखवतो, शेवटी खरंखुरं रॉकेट उडवतो. आई प्रत्येक वेळी नुसता एक हुंकार देते. चंद्राची सगळी हाव त्या हुंकारातूनच आली असावी, असं मला पाहताना सारखं वाटत होतं.

आणि मग तो प्रसंग. ग्रू मुलींना अनाथालयात परत पाठवतो. चंद्र हातात येतो, तेवढ्यात यानात त्यांच्या नाचाच्या कार्यक्रमाचं तिकीट तरंगत समोर येतं. तो धावत पोचतो तर सभागृह रिकामं. मुली व्हेक्टरच्या ताब्यात. पुढे उडत्या यानाच्या दारात मार्गो उभी, समोर ग्रू हात पसरून म्हणतोय, उडी मार, मी झेलेन. ती धाकटीसारखी चटकन विश्वास टाकत नाही. तू आम्हाला परत पाठवलंस, असं तोंडावर सांगते. तो कबूल करतो की आयुष्यातली ती सगळ्यात मोठी चूक होती. तरी ती क्षणभर थांबते. थोरली ना ती! एकदा परत पाठवलेलं मूल थांबणारच.

लेकीने माझं मनगट धरलं होतं, नखं रुतेपर्यंत. ती एकदा एका घरी जाऊन संस्थेत परतलेली आहे. का, ते आम्ही तिला विचारत नाही.

“तिनं उडी नसती मारली तर?”

“तर तो तिथंच हात पसरून उभा राहिला असता.”

“दमला असता.”

“दमला असता. पण हटला नसता.”

यावर ती काही बोलली नाही. चंद्र पुन्हा मोठा होऊन आभाळात परत गेला, तेव्हा मात्र टाळ्या वाजवल्या.

रात्री दप्तर भरताना विचारलं, “शुक्रवारच्या स्नेहसंमेलनाला येणार ना?” आठवड्यातली ही चौथी खेप. रजेचा अर्ज मंजूर झालाय, तो मोबाइलवर दाखवला. पहिल्या रांगेत बसते म्हटलं.

“पहिल्या नको,” ती म्हणाली. “स्टेजवरचे दिवे डोळ्यांवर येतात, पुढचं दिसत नाही. दाराजवळ बस. तिथं उजेड असतो. मला दिसशील.”