आपला ग्लास आपण भरायचा नाही

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल बघायला आलेल्या जपानी पाहुण्यांना आज रात्री जेवायला नेलं. बिअर आली. त्यांनी स्वतःचा ग्लास सोडून आधी माझा भरला, बाटली दोन्ही हातांनी धरून. तिकडे आपला ग्लास शेजाऱ्याने भरायचा असतो. सगळ्यांचे भरले की 'कानपाई' म्हणायचं, मगच पहिला घोट. आमचा एक मित्र घेत नाही, त्याला सोडासुद्धा त्यांनी तसाच दोन्ही हातांनी ओतला. तो क्षण मला फार भावला.

दुसऱ्या मित्राने सवयीने बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडले. धरणीमातेला आधी, असं सांगितल्यावर पाहुण्यांनीही शिंपडले.

गोंधळ झाला तो जेवताना. त्यांच्याकडे पिणं पुरे झालं की ग्लास भरलेलाच ठेवतात; रिकामा दिसला की समोरचा भरणारच. पण ताटात काही टाकायचं नाही, ही तिकडची शिस्त. बिचारे कडक भाकरी, शेंगाचटणी, दही सगळं संपवत होते आणि आपण सोलापूरकर, रिकामं ताट बघवतं होय! तिसरी भाकरी पडल्यावर मी त्यांना पानावर आडवा हात धरायला शिकवलं.

निघताना शेंगाचटणीचं पाकीट दिलं. तेही त्यांनी वाकून, दोन्ही हातांनी घेतलं.