काळ्या मातीतून उभा राहिलेला आमचा कारखाना

आमच्या घरी दोन पिढ्या वीटभट्टी. इंदूरच्या रामबागेतली कितीतरी घरं वडिलांच्या विटांची. पण भट्टीला लागते शेताची वरची सुपीक माती, वर कोळसा. ते मला पटेना. म्हणून २०१५ साली सांवेर रोडवर शेड घेतली, हाताने दाबायचं यंत्र आणलं आणि न भाजता मातीचे ठोकळे करायचं ठरवलं.

'मालव माटी गहन गंभीर' म्हणत आम्ही लहानाचे मोठे झालो. ती गंभीर म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. पहिले ४०० ठोकळे मे महिन्याच्या उन्हात ठेवले आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना बोटभर भेगा. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आखडते. नुसतं सिमेंट वाढवून ते आवरत नाही. वडील एवढंच म्हणाले, "अरे, आधी माती बघ, मग यंत्र."

मग ६० सेंटिमीटर लांबीची लाकडी खोकी केली. ओली माती ठासून भरायची, सुकेपर्यंत ठेवायची आणि टोकाशी किती फट पडली ते मोजायचं. निव्वळ काळी माती ७ सेंटिमीटर आखडली. तिच्याखालीच तर मुरूम! पायाखोदाईत निघतो आणि लोक पैसे देऊन फेकायला लावतात. मुरूम जास्त, क्रशरची चुरी, काळी माती अगदी थोडी, आणि कळीचा चुना. चुन्यातलं कॅल्शियम चिकणमातीचं फुगणं आवरतं, मात्र सावकाश. म्हणून गोणपाटाखाली २८ दिवस ओलं ठेवतो. घाईचं गिऱ्हाईक परत जातं, जाऊ दे.

पहिलं काम नात्यातल्या एका काकूंचं. "पावसात विरघळणार नाही ना रे?" त्यांचा प्रश्न रास्त होता. ठोकळ्याची खरी ताकद ओला असतानाच कळते. मातीच्या ठोकळ्यांसाठीच्या आयएस १७२५ या भारतीय मानकातही तो पाण्यात मुरवूनच दाबून बघतात. काकूंसमोर एक ठोकळा बादलीत टाकला. आठवड्याने त्यांनी स्वतः काढला, नखाने खरवडून पाहिला आणि म्हणाल्या, "बरं, बांध. पण पाया दगडाचाच हं!"

तो त्यांचा आग्रह आम्ही नियमच करून टाकला. जोत्याखाली आमचा ठोकळा देत नाही, आणि छपराची वळचण भिंतीबाहेर दोन फूट असल्याशिवाय बाहेरच्या भिंतीलाही नाही. सध्या भाजलेली चिकणमाती आणि चुनखडीची पूड घातलेल्या सिमेंटवर प्रयोग चालू आहेत. त्यात क्लिंकर, म्हणजे सिमेंट दळायच्या आधीचे भट्टीतले भाजके खडे, निम्म्यावर येतो. क्लिंकरची भट्टी १४५० अंश सेल्सिअसवर पेटते, चिकणमाती ८०० च्या आसपास भाजते, म्हणजे जळण कमी. आमच्या मिश्रणात ते कसं बसतं, त्याचे २८ दिवस अजून भरायचे आहेत.